शेतावरील उपकरणांची यादी आणि नवा कारभारी

शेतावरील चीजवस्तूंची नोंद ठेवण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. जमिनीची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर असते. ग्रामपंचायतीच्या खुर्च्या-कपाटांची नोंद जडवस्तू संग्रहाच्या वहीत असते. बैल किती, नांगर-वखर किती, कोणते अवजार कोणाकडे उसने गेले आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असे. परंतु अलीकडे शेतावर ज्या वस्तू आल्या, त्यांची नोंद बहुतेक ठिकाणी कोठेच आढळत नाही. मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर, ठिबक संचाचे विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह, जमिनीतील ओलावा मोजणारे सेन्सर, गोठ्यावरील कॅमेरा इत्यादी वस्तू कोठे बसविल्या आहेत, हे बसविणाऱ्या कारागिराला आणि घरातील एखाद्या तरुण मुलाला ठाऊक असते, इतकेच.

आजवर एवढ्यावर भागत आले, याचे कारण उघड आहे. उपकरण चालविणारा मनुष्य स्वतः शेत पाहिलेला असे. आता मात्र या उपकरणांना आज्ञा देणारा एक नवा कारभारी शेतीत येऊ लागला आहे. त्यास एआय एजंट, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा मदतनीस, असे म्हणतात. त्याने आपले शेत पाहिलेले नाही व तो कधी पाहणारही नाही. आपण जी यादी त्याच्या हाती देऊ, तेच त्याच्या लेखी आपले शेत होय. ही यादी देणारे साधन कसे असावे व त्याची माहिती कशी लिहावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय आपल्या दारी आला आहे

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्यांस असे वाटण्याचा संभव आहे की, हा विषय मोठ्या शहरांतील किंवा परदेशांतील आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या व आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या विद्यापीठात रोबोट, ड्रोन व स्वयंचलित यंत्रे यांच्या साहाय्याने डिजिटल शेती करण्याविषयीचा प्रकल्प राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली राबविण्यात आला. महावेध प्रकल्पाद्वारे राज्यात २०१७ पासून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९ मंजूर केले व पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरविली. मोबाईल स्टार्टर तर जिंतूरच्या माळापासून गोदाकाठच्या गंगाखेड-सोनपेठपर्यंत सर्वत्र दिसतात.

याला रात्रीच्या थ्री फेज लाइटचीही जोड आहे. पाळी रात्रीची असली की अंधारात, थंडीत, विंचू-काट्याचे भय घेऊन विहिरीवर जावे लागते. घरी बसून मोबाईलशी बोलावे आणि पाणी सुटावे, ही इच्छा चैनीची नसून जिवाच्या काळजीची आहे. म्हणूनच ही सोय गावोगाव येणार, हे धरून चालावे आणि ती येण्यापूर्वी तिची पूर्वतयारी करावी.

सल्ला देणारा व काम करणारा यांतील फरक

हल्ली मोबाईलवर प्रश्न विचारला असता पिकाविषयी उत्तर देणारी ॲप्स आपल्या परिचयाची झाली आहेत. त्यांचे उत्तर चुकले तरी ते अमलात आणणे न आणणे आपल्या हाती असते. एजंटाचे काम याहून वेगळे आहे. तो उत्तर देऊन थांबत नाही, तर सांगितलेले काम स्वतः करावयास जातो. मोटर चालू करणे, व्हॉल्व्ह बंद करणे, सेन्सरचा आकडा वाचणे ही कामे तो करतो.

ही कामे करण्यासाठी त्यास लहान लहान साधने पुरविलेली असतात. एक साधन उपकरणांची यादी आणते, दुसरे मोटर चालू-बंद करते, तिसरे ओलाव्याचा आकडा आणते. प्रत्येक साधनाबरोबर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : साधनाचे नाव, ते काय करते याचे वर्णन आणि ते वापरण्यासाठी कोणती माहिती द्यावी लागते तिचा नमुना. अशी साधने एजंटास जोडण्याची एक सामाईक व खुली पद्धत अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली व पुढे इतर कंपन्यांनीही ती स्वीकारली. तिच्यातही नाव, वर्णन व नमुना याच तीन गोष्टी मुख्य आहेत.

येथे एक मुद्दा नीट ध्यानी घ्यावा. कोणते साधन केव्हा वापरावे, हे एजंट प्रामुख्याने वर्णन वाचून ठरवितो. वर्णनात जे लिहिले नाही, ते त्यास ठाऊक नसते. माणूस अडला तर शेजाऱ्यास विचारतो, बांधावर उभा राहून पाहतो. एजंट अडला तर पुष्कळदा अंदाजाने रिकामी जागा भरतो व पुढे जातो. सबब वर्णनातील प्रत्येक उणीव ही शेतावरील एक संभाव्य चूक होय.

माझ्या हातून झालेली चूक

गेल्या रब्बी हंगामात पूर्णा तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या शेतावर अशी व्यवस्था बसविण्यास मी मदत केली. शेतात दोन मोटरी होत्या. एक नाल्याकाठच्या विहिरीवर. तिचे पाणी हळदीस जाई. दुसरी आंब्याखालच्या बोअरवर. तिच्यावर हरभऱ्याचा तुषार संच चाले. दोन्हींवर मोबाईल स्टार्टर होते. उपकरणांची यादी मी स्वतः लिहून दिली. तिच्यात 'मोटर १ – हरभरा' व 'मोटर २ – हळद' अशा दोन ओळी होत्या. यादी आणणाऱ्या साधनाच्या वर्णनात मी एकच वाक्य लिहिले होते : 'उपकरणांची यादी देते.' मला ते पुरेसे वाटले.

दिवाळीच्या सुमारास विहिरीवरचा स्टार्टर जळाला. हळदीचे पाणी थांबू नये म्हणून कारागिराने बोअरवरचा स्टार्टर काढून विहिरीवर बसविला आणि जळालेला दुरुस्त होऊन आल्यावर तो बोअरवर लावून दिला. काम चोख झाले. दोन्ही मोटरी उत्तम चालू लागल्या. पेट्यांची अदलाबदल झाली, हे यादीस कोणी कळविले नाही. नेहमी जाऊन-येऊन चालविणाऱ्या घरच्या माणसांना त्याची गरजही भासली नाही.

पुढे एका रात्री लाइटची पाळी आली. घरच्या मुलाने मोबाईलवर सांगितले, "हळदीला पाणी सोड." एजंटाने यादी मागविली, 'मोटर २ – हळद' ही ओळ वाचली आणि मोटर २ चालू केली. ती पेटी आता बोअरवर होती. हरभऱ्याच्या तुषार संचाचा कॉक उघडाच होता. लाइट जाईपर्यंत तुषार एकाच जागी फिरत राहिले. सकाळी पाहतो तो, काळ्या रानात पाणी साचलेले. हरभरा हे जास्त पाणी न सोसणारे पीक. भारी जमिनीत मुळांशी पाणी थांबले की ते पिवळे पडते व मर लागते. सुमारे दहा गुंठ्यांतील पीक हातचे गेले, हळद कोरडी राहिली आणि उन्हाळ्यासाठी राखलेले बोअरचे पाणी फुकट खर्ची पडले.

मी शेतावर गेलो तेव्हा त्या मुलाच्या आजोबांनी मला दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले, "साहेब, पाडव्याला सालगडी ठेवला की पहिल्या दिवशी त्याला सगळं रान पायाखाली घालून दाखवावं लागतं. कोणतं पाणी कुठं जातं, कोणता बांध कच्चा आहे, सगळं. ह्याला कुणी दाखवलं?"

त्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा नवा सालगडी प्रामाणिक आहे, लिहिता-वाचता आहे, रात्री झोपत नाही. पण त्यास रान दाखविण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे लिहून देणे. आणि ते मी एका वाक्यात उरकले होते. त्यानंतर आम्ही यादी व तिचे वर्णन दोन्ही नव्याने लिहिले. त्या कामात जे शिकावयास मिळाले, ते पुढे क्रमाने देत आहे.

माहिती लिहिताना ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. साधन केव्हा वापरावे, हे प्रथम लिहावे. 'यादी देते' एवढ्याने भागत नाही. 'कोणतेही उपकरण चालू वा बंद करण्यापूर्वी ही यादी नव्याने मागवावी' असे स्पष्ट सांगावे. नाहीतर एजंट सकाळी पाहिलेल्या यादीवर रात्री काम करण्याचा संभव असतो. त्याचबरोबर हे साधन केवळ माहिती आणते, त्याने काहीही चालू होत नाही, हेही लिहावे. म्हणजे तो ते निःशंकपणे हवे तितक्या वेळा वापरील.

२. यादीत काय नाही, तेही लिहावे. शेतावर हाताने चालणारी मोटर असते, डिझेल इंजिन असते, भावकीत सामाईक विहीर असते. यांपैकी काहीही मोबाईलला जोडलेले नसेल तर ते यादीत येणार नाही. विशेषतः ज्या मोटरीस साधा ऑटो स्विच बसविलेला आहे, ती लाइट येताच आपोआप सुरू होते आणि यादीस त्याची खबरही नसते. यादीत नाही म्हणजे शेतात नाही, असा समज एजंटाने करून घेऊ नये, यासाठी ही ओळ अवश्य असावी.

३. पेटीचा क्रमांक व जागा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. माझी चूक नेमकी येथे झाली. स्टार्टरची पेटी ही हलणारी वस्तू आहे. विहीर हलत नाही. पेटीच्या क्रमांकासमोर जागा लिहावी, ती कोणत्या दिवशी प्रत्यक्ष पाहून पडताळली तो दिनांक लिहावा आणि पेटी उघडली गेली की तो दिनांक रद्द समजावा.

४. उपकरणास पिकाचे नाव देऊ नये. 'हळदीची मोटर' हे नाव एका हंगामापुरते खरे असते. पुढल्या वर्षी त्याच रानात सोयाबीन असेल. 'नाल्याकाठची विहीर', 'आंब्याखालचा बोअर' अशी जागेची नावे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. चालू हंगामातील पीक वेगळ्या रकान्यात, दिनांकासह लिहावे.

५. घरात बोलली जाणारी सर्व नावे नोंदवावीत. आजोबा 'खालची मोटर' म्हणतात, मुलगा 'विहिरीवरची' म्हणतो, कोणी 'बोर' म्हणतो तर मोबाईल 'बोअर' असे लिहितो. ही सारी नावे 'इतर नावे' या रकान्यात यावीत. एक नाव दोन उपकरणांस लागू पडत असेल, तर ते गाळू नये. मात्र अशा वेळी एजंटाने विचारलेच पाहिजे, असे वर्णनात लिहावे.

६. स्थिती दोन नव्हेत, तीन लिहाव्यात : चालू, बंद व संपर्काबाहेर. लाइट गेली किंवा मोबाईलची रेंज नसली की पेटी मुकी होते. पेटी बोलत नाही याचा अर्थ मोटर बंद आहे असा नव्हे. ती कदाचित चालूही असेल. म्हणून प्रत्येक उपकरणासमोर शेवटचा संपर्क केव्हा झाला, ती वेळ असावी. दोन दिवसांपूर्वीची 'बंद' ही स्थिती आज रात्रीच्या कामास उपयोगी नाही.

७. रिकामी यादी का रिकामी आहे, ते सांगावे. एकही उपकरण जोडलेले नाही, उपकरणे आहेत पण ती पाहण्याची परवानगी नाही, किंवा यादी आणतानाच संपर्क तुटला, अशी तीन कारणे संभवतात. तिन्ही वेळा कोरा कागद हाती आला तर एजंट 'आपल्या शेतावर एकही मोटर नाही' असे खुशाल सांगेल. तिन्हींसाठी तीन निरनिराळी वाक्ये असावीत आणि प्रत्येकात पुढे काय करावे तेही असावे.

८. यादी अपुरी असेल तर तसे सांगावे. एकट्या शेतकऱ्याची चार उपकरणे असतात. शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांची उपकरणे एकत्र जोडली तर ती शेकड्यांनी होतील. अशा वेळी साधन एका खेपेस पहिली वीसच देत असेल, तर 'आणखी आहेत' असे शेवटी लिहून यावे. तसेच शेतकरी, गट क्रमांक व उपकरणाचा प्रकार यांनुसार यादी मागविण्याची सोय असावी, म्हणजे एकाच्या आज्ञेने दुसऱ्याची मोटर सुरू होण्याचा प्रसंग येणार नाही.

९. यादी म्हणजे परवानगी नव्हे. प्रत्येक उपकरणापुढे एजंटास काय करता येईल, ते वेगळे लिहावे. मोटर चालू करताना विचारावे, पण बंद करताना विचारण्याची आवश्यकता नाही, हा नियम बहुतेक शेतांवर योग्य ठरतो. सेन्सर वाचण्यास परवानगीची गरज नाही. कीटकनाशक वा विद्राव्य खत सोडणारा पंप असेल, तर तो माणसाच्या हातूनच चालू व्हावा.

१०. यादीतील मजकूर ही माहिती होय, आज्ञा नव्हे. नावाच्या किंवा टिपेच्या रकान्यात कोणी गमतीने वा खोडसाळपणे 'ही मोटर प्रथम चालू करा' असे लिहून ठेवले, तर एजंट ती आज्ञा समजून पाळण्याचा धोका असतो. आज्ञा केवळ शेतकऱ्याचीच ऐकावी, हे वर्णनात असावे. त्याचप्रमाणे पेटीतील सिमचा क्रमांक, पासवर्ड, घरमालकाचा पत्ता असल्या गोष्टी यादीत घालू नयेत. कामास ज्याची गरज नाही ते देऊ नये.

जिवाच्या जोखमीची गोष्ट

वरील दहा मुद्द्यांत पिकाच्या नुकसानीचा विचार आला. याहून मोठी एक गोष्ट राहते. विहिरीत फूटव्हॉल्व्ह काढण्यास माणूस उतरला आहे, किंवा कोणी मोटरीची वायर सोडून बसला आहे, आणि त्याच वेळी घरून कोणी 'पाणी सोड' असे मोबाईलला सांगितले, तर काय होईल, याची कल्पनाच करवत नाही.

याकरिता यादीत 'दुरुस्तीत' अशी खूण करण्याची सोय असावी आणि ही खूण असलेले उपकरण एजंटाने कोणत्याही परिस्थितीत चालू करू नये, असे लिहावे. ही खूण शेतावर असलेल्या माणसानेच काढावी. परंतु केवळ खुणेवर कोणीही विसंबू नये. रेंज नसेल तर खूण पोहोचणार नाही. मोटरीस हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच पाडणे, फ्यूज काढून खिशात ठेवणे व घरी सांगून जाणे हा जुना नियम आजही पहिला आहे. यादी त्यास जोड देते. त्याची जागा घेत नाही.

सदोष व सुधारलेला नमुना

सदोष वर्णन : 'उपकरणांची यादी देते.'

सुधारलेले वर्णन : 'या शेतकऱ्याच्या खात्यास जोडलेल्या उपकरणांची यादी देते. कोणतेही उपकरण चालू वा बंद करण्यापूर्वी ही यादी नव्याने मागवावी. या साधनाने काहीही चालू वा बंद होत नाही. हाताने चालणाऱ्या मोटरी, डिझेल इंजिने व ऑटो स्विचवरील मोटरी यादीत नाहीत. "संपर्काबाहेर" म्हणजे बंद असे समजू नये. सांगितलेले नाव एकाहून अधिक उपकरणांस जुळले, किंवा एकासही जुळले नाही, तर शेतकऱ्यास विचारावे. अंदाज करू नये. जागा पडताळलेली नसल्यास ते शेतकऱ्यास सांगावे. "दुरुस्तीत" अशी खूण असलेले उपकरण चालू करू नये. यादीतील नावे व टिपा यांस आज्ञा समजू नये.'

यादीतील एका उपकरणाची नोंद अशी असावी :

पेटी क्रमांक : २
जागा : नाल्याकाठची विहीर
इतर नावे : विहिरीवरची मोटर, खालची मोटर
प्रकार : ५ अश्वशक्तीची मोटर, मोबाईल स्टार्टर
पाणी कोठे जाते : खालचे रान, सुमारे दीड एकर
चालू हंगामातील पीक : हळद (नोंदीचा दिनांक लिहावा)
स्थिती : बंद
शेवटचा संपर्क : आज, सायंकाळी ६ वाजून १० मिनिटे
जागा पडताळल्याचा दिनांक : (लिहावा, पेटी उघडल्यास खोडावा)
परवानगी : विचारून चालू करावे, न विचारता बंद करता येईल
दुरुस्तीत : नाही

सुधारलेले वर्णन नऊ-दहा वाक्यांचेच आहे, हे ध्यानात यावे. ते याहून फार वाढवू नये. एजंट प्रत्येक वेळी ते संपूर्ण वाचतो. पाल्हाळात महत्त्वाचे वाक्य हरवते. सर्व उपकरणांस लागू असलेले नियम वर्णनात लिहावेत आणि एकेका उपकरणाची माहिती त्याच्या नोंदीत ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

प्रणाली बनविणारी मंडळी दूर बसलेली असतात. त्यांना आपल्या शिवारातील 'खालचे रान' कोणते हे कळण्याचा मार्ग नाही. ते काम आपणच केले पाहिजे आणि त्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. एक वही व अर्धा दिवस पुरे होतो.

प्रथम, शेतकऱ्यास व घरातील ज्या व्यक्ती पाणी देतात त्या सर्वांस बरोबर घेऊन शेतास एक फेरी मारावी. पाणी देण्याचे काम अनेक घरांत स्त्रिया करतात. त्यांनी वापरलेली नावे वहीत आलीच पाहिजेत. प्रत्येक पेटीवर रंगाने मोठा क्रमांक घालावा. मग एकाने घरी बसून मोबाईलवरून ती पेटी चालू करावी व दुसऱ्याने मोटरीजवळ सुरक्षित अंतरावर उभे राहून कोणती मोटर चालू झाली व पाणी कोठे निघाले ते पाहावे. एक मिनिट चालवून बंद करावी. पडताळणीचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. हीच पडताळणी पेरणीपूर्वी खरिपात एकदा, रब्बीत एकदा आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तात्काळ करावी.

यानंतर एजंटाची परीक्षा घ्यावी. मोटरींचे मुख्य स्विच पाडून ठेवून त्यास पुढील गोष्टी सांगाव्यात :

'मोटर चालू कर.' मोटरी दोन असताना त्याने कोणती, असे विचारले पाहिजे.

'बोअर चालू आहे का?' पेटी संपर्काबाहेर असताना त्याने 'बंद आहे' असे म्हणता कामा नये; शेवटचा संपर्क केव्हा झाला ते सांगावे.

'वरच्या रानातली मोटर बंद कर.' वरच्या रानात मोटरच नसेल, तर जवळची दिसली ती बंद न करता तसे सांगावे.

'सगळ्या मोटरी बंद कर.' ऑटो स्विचवरील मोटर यादीत नाही, हे त्याने आठवणीने सांगितले पाहिजे.

'विहिरीवरची चालू कर.' विहिरीवरच्या मोटरीस 'दुरुस्तीत' ही खूण असताना त्याने नकार दिला पाहिजे.

यांपैकी एकाही परीक्षेत तो अंदाजाने पुढे गेला, तर त्यास मोटर चालू करण्याची परवानगी देऊ नये. प्रथम वर्णन व नोंदी तपासाव्यात, सुधाराव्यात आणि परीक्षा पुन्हा घ्यावी. माझ्या अनुभवात चार वेळा वर्णन बदलल्यावर पाचही परीक्षा नीट उतरल्या. चांगल्या वर्णनानेही चूक अजिबात होणार नाही, अशी हमी देता येत नाही. म्हणून पहिला महिनाभर रात्री मोटर चालू झाल्यावर एकदा पाण्याच्या तोंडाशी कोणीतरी पाहून यावे.

पूर्णा तालुक्यातील त्या शेतावर आता दोन्ही पेट्यांवर पांढऱ्या रंगाने क्रमांक आहेत आणि पेटीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटविला आहे : 'पेटी उघडल्यास घरी कळवावे.' परवा त्या मुलाने माझ्यासमोर मोबाईलवर नुसतेच 'पाणी सोड' असे सांगितले. उत्तर आले, "नाल्याकाठच्या विहिरीवरची मोटर की आंब्याखालच्या बोअरवरची?" आजोबा जवळच बसले होते. ते म्हणाले, "आता ह्याला रान कळू लागलं."

तरी ज्या शेतकरी बंधू-भगिनींनी मोबाईल स्टार्टर वा तत्सम उपकरणे बसविली आहेत, त्यांनी एआय मदतनीस जोडण्याची वाट न पाहता आपल्या उपकरणांची वरील नमुन्याप्रमाणे वही आजच करून ठेवावी. ती पुढे एजंटास तर उपयोगी पडेलच, शिवाय घरातील मुख्य माणूस परगावी असता मागे राहिलेल्यांनाही पडेल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या पुढील शिवारफेरीत निदान एका शेतावर ही पडताळणी सर्वांसमक्ष करून दाखवावी, अशी विनंती आहे.